उत्तर टोकाच्या माशानं आता कुठं जायचं?

भीमाकाठचा_मासळीवाला (सोलापूर):

नमस्कार मंडळी. सोलापुरात माझा मासळीचा गाळा आहे. मूळ आम्ही करमाळा तालुक्यातले. गाव उजनीच्या पाण्यात गेलं तेव्हा वडील शेती सुटून जाळ्याकडं वळले. मीही बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याबरोबर पाण्यावर होतो, लग्नानंतर शहरात आलो. आता पहाटे टेंभुर्णीकडून पिकअप येतो, त्यातून कटला, रोहू, चिलापी, कधी वाम, कधी मरळ उतरवून घेतो. समुद्राचा माल बर्फात भरून मुंबईकडून येतो. मासा मला हाताला लागल्यावर कळतो, पुस्तकातला कळत नाही. म्हणून इथं विचारतोय.

लेक नववीला आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विषय घेतलाय, समुद्र तापल्यामुळं मासे जागा बदलतात हा. चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून त्यावर जगाचा नकाशा चिकटवलाय आणि लाल स्केचपेननं बाण काढलेत. कॉड वर, हॅडॉक वर, मॅकरेल वर. परवा रात्री मी उधारीची वही घेऊन बसलो होतो. ती नकाशाकडं बघत म्हणाली, "पप्पा, सगळेच वर चाललेत. मग सगळ्यात वर जो पहिल्यापासून राहतोय, त्यानं कुठं जायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे नेहमीचा साठा संपून तळच्या मृतसाठ्यातलंही पाणी गेलं होतं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, लोक गाड्या करून बघायला गेले. त्या वेळी मासा कुठं गेला? जुन्या भीमेच्या पात्रात. धरणाआधी नदी जिथून वाहायची तो खोल पट्टा, तिथं सगळा मासा येऊन दाटला. जाळी तिथंच पडायला लागली. पंधरा दिवस असा माल आला की क्रेट पुरेनात, भाव पडला. गिऱ्हाईक म्हणायचं, यंदा मासा वाढलाय. त्यानंतर महिनाभर जाळी कोरडी. मासा वाढला नव्हता, एका जागी कोंडला होता.

ध्रुवाकडंही असंच कोंडणं चाललंय का? तिथं जुन्या पात्रासारखी शेवटची जागा तरी आहे का? आणि अजून एक विचारायचंय. तिथलं पाणी शून्याच्याही खाली असतं म्हणतात, मग मासा गोठत कसा नाही? माझ्याकडं डीप फ्रीजरमध्ये एक रात्र ठेवला की दगड होतो.

कुणी समुद्रावर काम केलेलं असेल तर सविस्तर लिहा. लेकीला वाचून दाखवणार आहे.

सागरओढ (मूळ अक्कलकोट, सध्या गोवा):

दादा, लेकीचे बाण बरोबर आहेत. पण तिच्या नकाशावर खोली नाही, आणि तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर खोलीत आहे.

तिला बॅरेंट्स समुद्र शोधायला सांगा. नॉर्वे आणि रशियाच्या वर, स्वालबार्ड बेटांच्या उजव्या हाताला. हा समुद्र उथळ आहे, सरासरी खोली २३० मीटर. अटलांटिकचं उबदार पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं वर चढून ह्यात शिरतं. पूर्वी त्याची ऊब दक्षिणेच्या भागातच संपायची आणि उत्तरेच्या भागात बर्फाचं राज्य असायचं. आता येणारं पाणीच जास्त उबदार आहे आणि वरचा बर्फ आटलाय. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश साऱ्या जगाच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगानं तापलाय.

नॉर्वे आणि रशियाची जहाजं २००४ पासून दर वर्षी मिळून तिथली पाहणी करतात. ठरलेल्या जागी जाळं ओढायचं, आलेला मासा न् मासा जातवार मोजायचा. २०१२ पर्यंतच्या मोजणीतच चित्र स्पष्ट झालं होतं. कॉड, हॅडॉकसारखे मोठे, मिळेल ते खाणारे, लांब पल्ला पोहणारे मासे उत्तरेच्या भागात पसरले आणि तिथले मूळचे छोटे, तळाला बसून राहणारे मासे त्या भागातून हटले. हे छोटे मासे म्हणजे आपल्याकडं नदीच्या दगडाखाली राहतात तसले. शेकडो किलोमीटर पोहत जाणं त्यांच्या अंगात नाही. त्यात नवा आलेला कॉड त्यांना खातो.

आता कडेचं सांगते. बॅरेंट्सच्या उत्तर काठाला हा उथळ तळ संपतो. तिथून पुढं समुद्र एकदम चार हजार मीटरपर्यंत खाली जातो. तुमच्या उजनीत पाणी हटलं तेव्हा खोल जागेनं माशाला वाचवलं. इथं खोल जागाच आडवी येते. कारण हे मासे तळावर चरणारे, त्यांचं ताट तळावर मांडलेलं. तळच पायाखालून गेला तर थंड पाणी असून उपयोग काय?

आणि जो सगळ्यात वर पहिल्यापासून राहतोय तो म्हणजे पोलर कॉड. नाव कॉड असलं तरी वीतभराचा मासा, फार तर २५-३० सेंटिमीटर. लेकीनं ह्याचं चित्र नकाशावर काढायलाच हवं. ह्याचं घर बर्फाच्या खालच्या अंगाला असतं. समुद्रावरचा बर्फ खालून गुळगुळीत नसतो, त्याला भेगा, कपारी असतात. लहान पोलर कॉड त्या कपारींत लपून राहतात. अंडी हिवाळ्यात घातली जातात आणि ती तरंगत वर येऊन बर्फाला खालून टेकतात. त्या अंड्यांना शून्याच्या आसपासचं पाणी लागतं, दोन-तीन अंशांचा फरकही जड जातो. खाणं म्हणजे तांदळाच्या कणीएवढे जीव, पण चरबीनं गच्च भरलेले. दक्षिणेच्या पाण्याबरोबर येतात ते ह्यांचेच भाऊबंद, पण लहान आणि चरबीला कमी. तेवढीच धावपळ करायची आणि घास मात्र निकृष्ट. सील, बेलुगा देवमासे, कड्यांवर राहणारे समुद्रपक्षी, सगळ्यांची भाकरी हा पोलर कॉड आहे.

म्हणजे त्याला फक्त थंडी पुरत नाही. वर बर्फ हवा, अंड्याला गारवा हवा, खायला चरबीचा किडा हवा. बर्फ मागं सरकत सरकत अशा जागी गेला की जिथं खाली चार हजार मीटरचा खड्डा आहे, तर तिन्ही गोष्टी एका जागी मिळतीलच असं नाही. लेकीला सांगा, ह्याच्या बाणाला टोक काढता येत नाही.

अजून एक गोष्ट नकाशात दिसत नाही, ती म्हणजे उजेड. पाणी कितीही तापो, सूर्य काही उत्तरेला सरकत नाही. त्या टोकाला हिवाळ्यात कित्येक आठवडे, अगदी वर तर काही महिने, सूर्य उगवतच नाही. डोळ्यांनी बघून भक्ष्य टिपणारे मासे उन्हाळ्यात तिथं जाऊन जेवून येतील, पण अंधारात उपाशी राहून हिवाळा कसा काढणार? म्हणून दक्षिणेचा प्रत्येक मासा थेट ध्रुवापर्यंत जाईल असंही समजू नये.

गोठण्याचं. समुद्राचं पाणी खारं असल्यामुळं साधारण उणे १.९ अंशाला गोठतं. बहुतेक माशांचं रक्त मात्र उणे एकच्या आधीच गोठेल. ध्रुवाकडच्या माशांच्या रक्तात एक खास प्रथिन असतं. बर्फाचा बारीक कण अंगात तयार झाला की ते त्याला चिकटतं आणि वाढू देत नाही. १९६० च्या दशकात आर्थर डेव्हरीज ह्या शास्त्रज्ञानं अंटार्क्टिकातल्या माशांत ते शोधून काढलं. डीप फ्रीजर उणे १८ ला चालतो, तिथं ह्या माशाचंही काही चालणार नाही.

आपल्या लोकांचाही ह्यात थोडा हात आहे म्हणून सांगते. स्वालबार्डला भारताचं हिमाद्री केंद्र २००८ पासून आहे आणि तिथल्या काँग्सफ्योर्ड खाडीत २०१४ मध्ये भारतानं 'इंडआर्क' नावाची यंत्रं पाण्यात सोडली. अटलांटिकचं उबदार पाणी खाडीत कधी शिरतं, किती खोलवर शिरतं, ते ती मोजतात.

पार्कचौक_८६:

एक शंका. नॉर्वेवाल्यांना तर मध्यंतरी कॉड इतका मिळाला की विक्रम झाला, असं वाचल्याचं आठवतं. तसं असेल तर तापमानवाढीनं त्यांचं भलंच झालं म्हणायचं.

भीमाकाठचा_मासळीवाला:

ताई, जेवण झाल्यावर लेकीला सगळं वाचून दाखवलं. पोलर कॉडच्या अंड्यांचं तिनं दोनदा वाचायला लावलं. मी इतकी वर्षं मासा विकतो, पण बर्फाला खालून घर असतं हे माझ्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. मला बर्फ म्हणजे लादी, फोडायची आणि मासा झाकायचा.

पार्क चौकवाले दादा, तुमच्या शंकेवर मला जुन्या पात्राचीच आठवण येते. जाळ्यात आलेला मासा आणि पाण्यात असलेला मासा हे दोन वेगळे आकडे आहेत. आमच्या वडलांचं म्हणणं असं की जाळं जड लागलं त्या दिवशीच पुढच्या वर्षाचा विचार करावा. तिथं काय झालं ते ताईंनीच सांगावं.

आणि ताई, त्या चार हजार मीटरच्या खड्ड्याकडं कुणीच गेलं नाही का?

सागरओढ:

विक्रमाची गोष्ट खरी आहे. २०१३ साली बॅरेंट्समधल्या कॉडसाठी वर्षाच्या पकडीची १० लाख टनांची मर्यादा ठरली होती, इतकी मोठी आधी कधीच नव्हती. त्यात गरम पाण्यानं चरायला मिळालेल्या नव्या जागेचा वाटा होता, आणि त्याआधी मासेमारीला घातलेल्या लगामाचाही. पण पुढं नवी पिल्लं पुरेशी तयार होईनात, साठा घटत गेला आणि २०२५ साठी मर्यादा ३ लाख ४० हजार टनांवर आली. १९९१ नंतरची ती तोवरची सगळ्यात कमी. त्यामुळं एका चांगल्या वर्षावरून भलं झालं म्हणवत नाही.

दुसऱ्या बाजूचं, अलास्काजवळच्या बेरिंग समुद्राचं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. तिथं हिवाळ्यात बर्फ होतो, त्यामुळं तळाशी दोन अंशांच्या खालचं पाणी साचतं आणि उन्हाळाभर राहतं. ते थंड पाणी भिंतीसारखं काम करायचं. दक्षिणेचे पोलॉक आणि पॅसिफिक कॉड ती भिंत ओलांडून उत्तरेला जात नसत. २०१८ च्या हिवाळ्यात तिथं बर्फ विक्रमी कमी झाला आणि ती भिंत जवळपास नाहीशी झाली. मासे उत्तर भागात पसरले. त्याच थंड तळावर स्नो क्रॅब नावाचे खेकडे राहायचे. दादा, तुम्ही खेकडे विकता, तुम्हाला कळेल. पाणी गरम झालं की खेकड्याची भूक वाढते. जागा तीच, खेकडे भरपूर, खाणं तेवढंच. पुढच्या काही वर्षांत सुमारे १००० कोटी खेकडे नाहीसे झाले आणि २०२२ मध्ये ही मासेमारी पहिल्यांदाच बंद ठेवावी लागली. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा मुख्य कारण उपासमार निघालं. त्यांचा बाण कुठंच गेला नाही, जागच्या जागी संपला.

खड्ड्याकडं गेलेले सापडले, तेही सांगते. २०१९ च्या शरद ऋतूत पोलारस्टर्न नावाचं जर्मन संशोधन जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून ठेवलं होतं. वर्षभर ते बर्फाबरोबर वाहत होतं. भर मध्यात, चार हजार मीटर खोलीच्या वर, लोकांनी बर्फाला भोक पाडून गळ सोडले. त्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अटलांटिक कॉड लागले! तळावर नव्हे, काही शे मीटर खोलीवर अटलांटिकच्या थोड्या उबदार पाण्याचा जो थर आहे, त्यात. त्यांचा जन्म नॉर्वेच्या किनाऱ्याचा होता आणि सहा वर्षांपर्यंतचा काळ त्यांनी त्या थंड पाण्यात काढला होता.

हे कळलं कसं? माशाच्या डोक्यात कानाच्या जागी दोन छोटे पांढरे खडे असतात. झाडाच्या खोडासारखी त्यांत वर्षाला एक वलय चढतं. खडा घासून वलयं मोजली की वय कळतं, आणि त्या खड्यात काय काय जमलंय ते तपासलं की मासा कसल्या पाण्यात राहिला तेही कळतं. तुमच्याकडं मुंबईचा ढोमा येत असेल तर त्याचं डोकं टाकून देऊ नका, मेंदूच्या खाली बघा. ढोम्याचे खडे चांगले मोठे असतात.

देवगडवाले_काका (जुळे सोलापूर):

रेल्वेतल्या नोकरीमुळं तीस वर्षं सोलापुरात आहे, पण सुटी लागली की पाय देवगडकडं वळतात. ताईंनी तळाच्या माशांचं लिहिलं, मी वरच्या थरातल्यांचं लिहितो.

मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा. अटलांटिकचा मॅकरेल आइसलंडच्या पाण्यात पूर्वी क्वचित दिसायचा. २००७ च्या सुमारास तो तिथं झुंडीनं यायला लागला आणि २००८ साली आइसलंडच्या बोटींनी लाखाहून जास्त टन पकडला. नॉर्वे आणि युरोपीय संघ म्हणाले, हा मासा आमच्या वाटपातला आहे. आइसलंड म्हणालं, आमच्या पाण्यात येऊन चरतोय तर आमचाही आहे. दोन्ही बाजूंना आपापलं खरं वाटत होतं. २०११ मध्ये तो ग्रीनलंडच्या बोटींनाही मिळाला, २०१३ मध्ये स्वालबार्डच्या खाडीत सापडला. सगळ्यांनी आपापली मर्यादा वेगळी धरली, एकूण पकड शास्त्रज्ञांनी सांगितली होती त्यापेक्षा जास्त होत राहिली आणि २०१९ साली त्या मॅकरेलचं टिकाऊ मासेमारीचं प्रमाणपत्रच स्थगित झालं. मासा सरकला, माणसांचे करार जागेवरच राहिले.

उलटही झालंय त्याच आइसलंडमध्ये. कॅपेलिन नावाचा बोटभर मासा चरायला आणखी पश्चिमेला, ग्रीनलंडकडं गेला. २०१९ आणि २०२० ह्या दोन्ही हंगामांत आइसलंडनं कॅपेलिनची मासेमारी केलीच नाही. ज्या गावाचं सगळं पोट त्या दोन महिन्यांच्या हंगामावर चालतं, तिथं काय झालं असेल हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडं तारलीचं पाहिलंय ना. लहानपणी तारली म्हणजे मलबारचा मासा, वर तुरळक यायची. नंतर रत्नागिरीकडंही भरभरून मिळायला लागली. केरळात मात्र वाईट वर्षं आली.

एका गोष्टीचं समाधान आहे. ध्रुवाच्या मधल्या समुद्रात, जिथं कुठल्याच देशाची हद्द नाही, तिथं मासेमारी सुरू होण्याआधीच थांबवलीय. ग्रीनलंडच्या इलुलिसाटमध्ये ३ ऑक्टोबर २०१८ रोजी करारावर सह्या झाल्या, जून २०२१ पासून तो लागू आहे. सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर पाणी, आणि निदान १६ वर्षं व्यापारी मासेमारी बंद. रशिया, अमेरिका, चीन, जपान सगळे त्यात आहेत. मासा संपल्यावर बंदी घालतात हे मी जन्मभर पाहिलं, आधी घातलेली ही पहिलीच पाहतोय.

भीमाकाठचा_मासळीवाला:

काका, तारलीचं माझ्याही लक्षात आलंय. पूर्वी मुंबईच्या मालात ती इतकी नसायची.

लेकीनं आता खालचं टोक काढलंय. ती म्हणते, "दक्षिणेच्या माशानं खाली खाली जायचं, तर खाली अंटार्क्टिका आहे, जमीन!" मी म्हटलं, ताईंना विचारतो.

तोवर एक बघितलेलं सांगतो. वजाच्या उन्हाळ्यात मी मेव्हण्याबरोबर कंदरच्या बाजूला पाण्याच्या काठावर गेलो होतो. पाणी पार लांब गेलेलं. मधला गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि त्या गाळात सगळीकडं खड्डे दिसत होते. गोल, परातीएवढे, कडा उचललेल्या, एकाला एक लागून, शेकड्यानं. मेव्हणा म्हणाला, जनावरांचे पाय असतील. मी खाली बसून हात घातला. कड एकसारखी, गोलाई अशी की कुंभारानं फिरवल्यागत. ती चिलापीची घरं होती. नर तोंडानं चिखल उपसून खड्डा करतो आणि मादीची वाट बघत तिथं फिरतो. मादी अंडी घालते आणि तोंडात धरून निघून जाते, म्हणून चिलापी अशा उन्हाळ्यातही टिकते. पण नरांनी राखलेली ती जागा उन्हात कोरडी पडली होती. एका खड्ड्यात वीतभर चिलापी वाळून चिकटलेली होती. मी ती उचलली नाही.

त्या दिवसापासून मला असं वाटतं, मासा पोहून जाईल हो, पण त्याची ही जागा त्याच्याबरोबर जात नाही. बर्फाखालची अंडी वाचताना तेच आठवलं.

सागरओढ:

दादा, तुमचा हा मजकूर मी आमच्या खोलीतल्या सगळ्यांना मराठीतून वाचून दाखवला, ज्यांना येत नाही त्यांना समजावून सांगितला. कारण असेच खड्डे अंटार्क्टिकात सापडले आहेत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तेच पोलारस्टर्न जहाज वेडेल समुद्रात होतं. बर्फाखाली साधारण पाचशे मीटरवर तळाच्या जरा वरून कॅमेरा ओढत नेत होते. पडद्यावर एक गोल खड्डा आला, मग दुसरा, आणि मग ते संपेचनात. प्रत्येक पाऊण मीटर रुंद, वीतभर खोल, मध्ये बारीक खडी, त्यावर दीड-दोन हजार अंडी आणि बहुतेक घरट्यांत राखण करणारा एक मासा. पसारा सुमारे २४० चौरस किलोमीटर आणि अंदाजे सहा कोटी घरटी. माशांची एवढी मोठी वसाहत त्याआधी कुणालाच माहीत नव्हती. आणि ती कुठंही नाही, तर आजूबाजूपेक्षा दोन अंशांपर्यंत उबदार पाणी जिथं खालून वर येतं नेमकी तिथं आहे. म्हणजे त्या माशानं अंश न् अंश मोजून जागा धरलीय.

हा आइसफिश. तुम्ही ताजा मासा कल्ल्यांच्या लाल रंगावरून ओळखता ना? ह्याचे कल्ले जिवंतपणीही पांढरे असतात. रक्तात तांबडा रंगच नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो पदार्थ असतो तो ह्याच्या रक्तात नाही. अति थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, तेवढ्यावर ह्याचं भागतं. पाणी तापलं की प्राणवायू कमी आणि अंगाची मागणी जास्त, दोन्हीकडून ओढाताण. अंटार्क्टिकातले काही मासे तर पाच-सहा अंशांच्या पाण्यात मरतात हे प्रयोगांत दिसलंय. तुमच्या घरच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात साधारण तेवढंच तापमान असतं.

लेकीचं म्हणणं बरोबर आहे, त्यांना मागं जमीन आहे. उत्तरेच्या माशाला पुढं तळ नाही आणि दक्षिणेच्या माशाला मागं पाणी नाही. तिला म्हणावं, खाली बाण काढण्याऐवजी ते खड्डे काढ. परातीएवढे.

भीमाकाठचा_मासळीवाला:

काढले. दोन रंगांत काढलेत. उजनीचे तपकिरी आणि वेडेल समुद्राचे निळे, मध्ये अंतर लिहिलं नाही, फक्त दोन्हीकडं तापमान लिहिलंय. कंदरच्या खड्ड्याचं माप हवं म्हणून रविवारी मला परत घेऊन जाणार म्हणते. सध्या पाणी भरपूर आहे, खड्डे दिसणार नाहीत हे तिला पटेना. जाऊन येऊ.

आज सकाळच्या मालात ढोमा होता. चार डोकी बाजूला ठेवली. दुपारी गाळा बंद करून सुरी लावली. पहिलं डोकं वाया गेलं, खडा फुटला. दुसऱ्यापासून जमलं. शेंगदाण्याच्या पाकळीएवढा, एका बाजूनं फुगीर, दुसऱ्या बाजूला खाच, चिनी मातीसारखा पांढरा. इतकी वर्षं मी हे कचऱ्यात टाकत होतो. लेकीनं काडेपेटीत कापूस घालून सहाही खडे ठेवलेत. भिंगातून कडेला रेषा दिसतात, मधलं धूसर आहे. ताई, घासायचं कशावर? भिंतीला रंग देताना वापरतात तो पॉलिश पेपर चालेल का?

सागरओढ:

चालेल. आधी जाडसर, मग हजार नंबरचा पाण्यात वापरायचा पेपर घ्या. खडा काचेच्या पट्टीवर चिकटवा, पेपर ओला ठेवा, एकाच दिशेनं हळूहळू घासा आणि दर थोड्या वेळानं उजेडासमोर धरून बघा. मधला ठिपका दिसायला लागला की थांबा, त्यापुढं एक हात जास्त लागला तर तोच जातो. मोबाइलची बॅटरी काचेखाली धरली तर बरं दिसेल. ढोम्याची वलयं अगदी स्पष्ट नाही आली तरी लेकीला नाराज होऊ देऊ नका. आपला समुद्र बारा महिने उबदार, त्यामुळं मासा वर्षभर वाढत राहतो आणि रेषा पुसट पडतात. उत्तरेच्या कॉडच्या खड्यात प्रत्येक हिवाळ्याची रेषा ठळक दिसते. पुढच्या खेपेला अक्कलकोटला आले की तसा एक खडा मागून घेऊन येते, तुमच्या सहांच्या शेजारी ठेवू.